भुऱ्याने काय करायचं

चार वाजता त्याची बहीण येणार होती, लेकीला वर्षभरासाठी आपल्या घरी न्यायला. तसं ठरलं होतं म्हणण्यापेक्षा ठरून गेलं होतं. बायको जाऊन सात महिने झाले होते. बहिणीने फोनवर तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला आणि तिने तो होकार धरला. तिची तरी काय चूक?

तो संगणकावरच्या खेळांची स्क्रिप्ट, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्राम, लिहायचा. खेळून चुका शोधायचं काम आधी बायको करायची, आता अकरा वर्षांची लेक करत होती. लेक आईहून कडक. आईनेच तिचं नाव 'फौजदार' ठेवलं होतं.

जेवण उरकून फौजदार पडद्यासमोर बसली ती थोड्याच वेळात ओरडली, "बाबा, तुझा कुत्रा बिघडलाय."

"एरर येतेय?"

"एरर नाही. एक पाय वर करून उभा आहे नुसता. मी दोन शेतं नांगरून आले, हा आपला तसाच."

खेळातली म्हातारी चौथ्या भागात वारते, घरात तिचा नातू तेवढा उरतो. भुऱ्या तिचा कुत्रा, सदा तिच्या मागे. ती गेली की स्क्रिप्टमध्ये मालकिणीच्या जागी निल उरतं. लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत निल म्हणजे शून्य नव्हे, तिथे कोणी नाहीच. आणि जे नाहीच त्याला 'तू कुठे आहेस' असं विचारलं की स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते आणि पडद्यावर लाल ओळ येते. त्या लाल ओळीने त्याला आठवडाभर छळलं होतं. शेवटी त्याने भुऱ्याचा सगळा भाग पी-कॉलमध्ये गुंडाळून टाकला. म्हणजे आत काहीही कोसळो, बाहेर खेळ चालू राहतो. काय कोसळलं ते पी-कॉल सांगतो, पण ते वाचणारी ओळ त्याने लिहिलीच नव्हती.

"खेळ चालतोय ना? मग झालं."

"चालतोय कसला! आत दर क्षणाला आपटतोय आणि तू त्याचं तोंड दाबून ठेवलंयस."

लेकीला आता स्क्रिप्ट वाचता येते हे तो विसरूनच गेला होता.

"ती नसेल तर त्याने काय करायचं, ते लिही ना," ती म्हणाली.

मग त्याने लिहिलं, मालकीण निल असेल तर जवळ दिसेल तो माणूस मालक. खेळ चालवून पाहिला. म्हातारीने डोळे मिटले मात्र, भुऱ्या शेपूट हलवत पोस्टमनच्या मागे निघाला.

"शी! निर्लज्ज मेला!"

दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग ती म्हणाली, "आधी शोधू दे त्याला. दारात बघेल, विहिरीवर बघेल, ती बसायची त्या बाकड्यापाशी बघेल. कुठेच नाही म्हटल्यावर नातवाजवळ येऊन बसेल."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. शेवटची ओळ झाली तसं तिने त्याचा हात धरला.

"थांब. नातू निल असेल तर? तेही तपासायला हवं."

"नातू कुठे जाणार?"

"आत्या घेऊन गेली तर?"

ती पडद्याकडेच बघत होती. त्याने की-बोर्ड बाजूला सारला.

"तुला जायचंय का?"

"आत्ता विचारतोयस?"

"हो. आत्ता."

"तू नको म्हणालाच नाहीस. मला वाटलं, मी नसले की तुला बरं पडेल."

"मला वाटलं, इथे तुझे हाल होतायत."

"होतायतच. तुला साधं अंडं उकडता येत नाही, दर वेळी फुटतं." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "पण मला नाही जायचं."

त्याने तिला जवळ घेतलं. अकरा वर्षांची मुलगी मांडीवर मावत नाही, तरी घेतलं.

चारला दार वाजलं. भावाचा चेहरा बघून बहीण म्हणाली, "काय रे दादा, काय झालं?"

सात महिने या प्रश्नाला तो 'काही नाही' म्हणत आला होता.

"मला जमत नाहीये गं," तो दारातच म्हणाला. "झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. तिचं कपाट उघडवत नाही. पण हिला नेऊ नकोस. हिलाही जायचं नाहीये."

बहिणीचे डोळे भरून आले तसा तिने पदर नाकाला लावला आणि मग एकदम करवादली, "एवढं सांगायला सात महिने लावलेस? मी काय परकी आहे? शनिवार-रविवार मी इकडे येत जाईन, बाकीचं बघू नंतर. आता सरक, आत येऊ दे. आणि चहा टाक, का तोही मीच टाकू?"

"मी टाकते, आत्या," आतून फौजदार ओरडली. "त्याच्या हातचा पिऊ नकोस!"