धाकटी गौर

टांगा लालबाग राजवाड्याच्या भिंतीपाशी वळला तशी तुकोजीने मांडीवरची पेटी पुन्हा एकदा उघडून पाहिली. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात धाकटी गौर होती. नुसता पितळी मुखवटा, वीतभर उंचीचा.

आठ वर्षांपूर्वी तो शांतता राखण्याच्या कामाला सायप्रस बेटावर निघाला, तेव्हा आईने हा मुखवटा त्याच्या हातात दिला होता. "परमुलखात घरचं एक तरी माणूस सोबत असू दे," म्हणाली होती. आई त्याच वर्षी गेली. पण घरच्या गौरी मांडायच्या त्या वहिनींनी, आनंदीबाईंनी. आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून थोरली गौर एकटी उभी राहायची. शेजारी धाकटीच्या जागी एक तांब्या. वहिनी दर भाद्रपदात त्या तांब्याला साडी नेसवीत, आणि तुकोजीच्या एकाही पत्राला उत्तर देत नसत. थोरल्या भावाचं, जयसिंगरावांचं, एकदाच कार्ड आलं: "ती म्हणते, सख्ख्या बहिणींची ताटातूट केली आणि तिकडे परक्यांचे समेट घडवतोय."

घडवत होता, हे मात्र खरं. ज्या गावात तो राहिला तिथे ग्रीक एका अंगाला, तुर्क दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या रस्त्यावर पिंपं रचलेली. पिंपांशेजारच्या ओसाड दुकानात तुकोजीचा मुक्काम. देवी जिथे पाहुणी येते तिथे भांडण टिकत नाही, एवढीच त्याची श्रद्धा. पहिल्या वर्षी गौरीच्या जेवणाला दोन म्हाताऱ्या आल्या, एकीकडची एक, दुसरीकडची एक. पाचव्या वर्षी पिंपं हलवल्याशिवाय पंगत बसेना, तेव्हा लोकांनीच ती हलवली.

रुसलेल्याच्या दारी कसं जावं, हे तो सगळ्यांना सांगायचा. कारणं द्यायची नाहीत. आपण काय केलं तेवढं सांगायचं आणि थांबायचं.

आज गौरी यायचा दिवस. वहिनींनी धाकटीला परत घेतलंच नाही तर? टांगा थांबला तरी तुकोजी पेटी धरून बसून राहिला.

"बाबूजी, घर आ गया. उतरोगे भी?" टांगेवाला म्हणाला.

वहिनी उंबऱ्याबाहेर रांगोळीची पावलं काढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"वहिनी, मी..."

"दिसतंय. केस गेले, नाक तेच आहे."

"त्याचं असं झालं, आईच म्हणाली, आणि वेळ इतका थोडा होता की..."

आतून जयसिंगराव खो खो हसले. "अरे भिया! कारणं द्यायची नाहीत, असं पत्रात तूच लिहिलं होतंस ना?"

तुकोजी ओशाळला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला न विचारता मी धाकटीला नेलं. आठ वर्षं तुमची पूजा अर्धी राहिली."

आणि थांबला.

वहिनींनी सावकाश शेवटचं पाऊल पुरं केलं. हात पुसला. पेटी उघडली.

"अगं बाई! ही नथ कसली घातलीय हिला?"

"मणी तिकडच्या ग्रीक एलेनीने दिले, ओवले तुर्क फातमाने. तेव्हा दोघी एकमेकींशी बोलतही नव्हत्या."

"खोटी आहे."

"हो."

"शोभते पण." मग डोळे बारीक करून, "आणि पुरणाला डाळ कुठली?"

"डाळ मिळायची नाही. काबुली चण्याचं करायचो."

"काबुली चण्याचं! माझ्या गौरीला!" वहिनींनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. "अहो ऐकलंत का, पोरीचे काय हाल झाले तिकडे! उठा, घंटा वाजवा. आणि भावजी, तिथेच उभे राहा. दुसरी पावलं काढल्याशिवाय आत यायचं नाही, सगळी पुसून टाकाल."

पहिल्या पावलांच्या शेजारी दुसरी पावलं उमटत गेली. घंटेच्या गजरात वहिनी धाकटीला घेऊन आत गेल्या आणि तिला थोरलीजवळ बसवलं.

मग तांब्यावरची साडी सोडून त्यांनी ती धाकटीला नेसवली. रिकामा तांब्या घासला, पाण्याने भरला आणि दारात उभ्या असलेल्या तुकोजीपुढे धरला.

"घ्या भावजी, पाणी प्या. आठ वर्षं हा तुमच्या पापाने साडी नेसून उभा होता. सुटला बिचारा!"