सोमवारची तीन मिनिटे

"बादली सरकली तर बूट भिजतील हां तुमचे," संशोधक विद्यार्थिनी जोसेट दारातून म्हणाली.

ओरेस्ट बाबियाकने मान वळवली नाही. डोळे धुण्याच्या नळाखाली बादली धरून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. नळाच्या दोन तोंडांतून पाण्याच्या दोन धारा वर उडत होत्या आणि वाकून बादलीत पडत होत्या. बाहेर उणे एकतीस तापमान होते. प्रयोगशाळेच्या खिडकीवर आतूनही बर्फाची जाळी धरली होती.

"एकतीस वर्षं या नळाला पाणी पाजताय. वाढला का तो?"

"तू वाढलीस ना. आलीस तेव्हा पिपेट उलटी धरायचीस."

"एकदाच!"

"दोनदा. दुसऱ्यांदा मी बोललो नाही."

तीन मिनिटे झाली. ओरेस्टने नळ बंद केला, नळाला टांगलेले कार्ड पुढे ओढले आणि त्या सोमवारच्या रकान्यात 'ओ.बी.' अशी आपली अक्षरे लिहिली. नळातले पाणी आठवडाभर तुंबले की त्यात गंज उतरतो. डोळ्यात काही उडाले तर माणसाच्या हातात दहा सेकंद असतात, आणि त्या दहा सेकंदांत गंज येऊन चालत नाही. म्हणून दर सोमवारी आठ वाजता तीन मिनिटे पाणी सोडायचे. एवढेच ते काम. त्याला ना बुद्धी लागत होती ना पदवी. फक्त सोमवार चुकवायचा नव्हता.

"पुढचे तीन सोमवार मी नाही," तो म्हणाला. "खुब्याचं ऑपरेशन आहे. हे तू करायचंस."

"करीन हो. पाणीच तर सोडायचंय."

ओरेस्ट तिथून डॉ. स्ट्रॉथर यांच्या खोलीत गेला. प्रयोगशाळा त्यांची. मातीतल्या जीवाणूंवरचे त्यांचे काम चार देशांत नावाजलेले होते, त्यामुळे ते बहुधा त्या चार देशांतच असत. दारावरच्या पाटीवर सर्वांत वर त्यांचे नाव होते. खाली दोन ओळी होत्या. 'रसायनांसाठी जबाबदार व्यक्ती' आणि 'जीवाणूंसाठी जबाबदार व्यक्ती'. दोन्ही ओळींपुढे एकच नाव होते, ओरेस्ट बाबियाक. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर आल्यावर त्याने ते वाचले होते.

"कॉलिन, मी जायच्या आधी पाटीवर दुसरं नाव टाकायला हवं. फॉर्म भरून आणलाय. तुझी सही फक्त."

"तीन आठवडेच ना? कोण बघतंय?" स्ट्रॉथर बॅग भरत होते. "ठेव तिथे, करतो."

ओरेस्टने फॉर्म टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कपही ठेवला.

ऑपरेशन ठीक झाले. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, तो घरी काठीने चालायचा सराव करत असताना, फोन आला. काचेची भांडी धुण्याचा तीव्र क्षार जोसेटच्या उजव्या डोळ्यात उडाला होता. सुरक्षेच्या चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने तो क्षणभर कपाळावर सरकवला होता. तशीच आंधळी धावत ती नळापाशी गेली. दांडा अडकला होता. जोर लावल्यावर आधी नुसती हवा आली, मग तांबडे पाणी, आणि मग एक बारीक धार. शेवटी कोणीतरी तिला ओढत मोरीच्या नळाकडे नेले. तोवर दीड मिनिट गेले होते.

दुसऱ्या दिवशी ओरेस्ट हॉस्पिटलमध्ये गेला. बायकोने दिलेला कोबीच्या गुंडाळ्यांचा डबा त्याने खाटेजवळ ठेवला. जोसेटच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. तिची आई उत्तरेकडच्या गावाहून निघाली होती, पण रस्ते बर्फाने बंद होते.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उजेड कळेल म्हणतात. माणसं कळणार नाहीत."

ओरेस्टने डबा तिच्या हाताशी सरकवला. मग तीच म्हणाली, "ओरेस्ट, कार्डावर मी तुमची अक्षरं लिहिलीत."

"माझी का?"

"खाली छापलंय ना, जबाबदार व्यक्तीनेच सही करावी. पाटीवर तर तुमचंच नाव. माझी अक्षरं दिसली असती तर तुम्हालाच विचारलं असतं, की बदली माणूस न देता गेलातच कसे. तुमची निवृत्ती जूनमध्ये आहे. मला वाटलं, उगाच तुम्हाला डाग नको."

"आणि पाणी?"

"पहिल्या सोमवारी बादली सापडेना. म्हटलं, उद्या सोडू. विसरायला नको म्हणून तिन्ही रकाने तेव्हाच भरून टाकले. मग पाणी राहूनच गेलं."

ओरेस्टला आठवले. शुक्रवारी निघताना त्याने बादली धुऊन कपाटामागे पालथी घातली होती. कुठे ठेवली ते तो तिला सांगायचा राहिला होता.

चौकशी पुढच्या बुधवारी झाली. विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी आर्लिन वीब यांनी कार्ड टेबलावर ठेवले. त्यांनी आणि ओरेस्टने एकाच वर्षी नोकरी धरली होती. त्याच्या कपाटातल्या बाटल्या त्या नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत. स्ट्रॉथर कॉफीत साखर ढवळत होते.

"या तीन सोमवारी तुम्ही रजेवर होतात," वीबबाई म्हणाल्या. "पहिल्या सोमवारी तर ऑपरेशन टेबलावर. मग ही अक्षरं कोणाची?"

सुरक्षेच्या नोंदीत दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ ठेवत नसे, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते. जोसेटच्या प्रबंधाची दोनच प्रकरणे उरली होती.

"माझी," ओरेस्ट म्हणाला. "रजेवर जायच्या आधीच लिहून ठेवली."

"ओरेस्ट. तुमचा 'बी' मी एकतीस वर्षं बघतेय."

"घाईत होतो."

वीबबाईंनी चष्मा काढला. "हे असंच लिहून घेतलं तर मला सौम्यपणे घेता येणार नाही. जूनपर्यंत तुम्हाला ठेवतासुद्धा येणार नाही. विचार करून सांगा."

"केलाय."

त्या स्ट्रॉथर यांच्याकडे वळल्या. "पाटीवरचं नाव बदलायचं कोणी सुचवलं होतं का?"

ओरेस्टने स्ट्रॉथर यांच्याकडे पाहिले. इतका वेळ त्यांचा चमचा कपात फिरत होता, तो थांबला.

"मला तरी आठवत नाही," स्ट्रॉथर म्हणाले.

वीबबाईंनी तेही लिहून घेतले.

महिन्याभराने पत्र आले. त्यातली नोकरीची शेवटची तारीख नेमकी सोमवारची होती. या इमारतीत निवृत्त होणाऱ्या माणसासाठी तळघरातल्या खोलीत केक कापायची रीत होती, पण अशा पत्राने जाणाऱ्यासाठी काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून कोणी काहीच केले नाही. त्या दिवशी जो तो आपापल्या कामात फार गुंतलेला होता.

ओरेस्ट आठला पाच मिनिटे कमी असताना आला. दारावर नवी पाटी होती. सर्वांत वर डॉ. स्ट्रॉथर यांचे नाव होते. खालच्या दोन्ही ओळींपुढे लिहिले होते, जोसेट आर्कँड.

ती आतच होती, काळा चष्मा लावून.

"वाचलीत?" ती म्हणाली. "मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

"मलाही विचारलं नव्हतं."

"मी आज वर जाऊन सांगते सगळं. खरं खरं."

"सांगून माझी नोकरी परत येणार नाही. तुझं शिक्षण तेवढं जाईल."

"आणि त्यांचं?" तिने स्ट्रॉथर यांच्या खोलीकडे बोट केले. दाराला कुलूप होते.

ओरेस्ट काठी टेकत कपाटाशी गेला. "बादली इथे असते. या कपाटाच्या मागे, पालथी. नीट बघून ठेव."

तिने बादली काढली आणि नळाखाली धरली. या वेळी दांडा सहज वळला. धारा वर उडाल्या, आधी किंचित तांबूस, मग स्वच्छ.

"स्वच्छ आलं," ती म्हणाली.

"घड्याळ बघ. पाण्याकडे बघून वेळ कळत नाही."

ती घड्याळाकडे पाहत राहिली. काटा दिसावा म्हणून तिला मान बरीच वळवावी लागत होती.

"एखाद्या सोमवारी तू नसशील," ओरेस्ट म्हणाला, "तेव्हा रकाना रिकामा सोड. रिकामा रकाना बघून पुढचा माणूस निदान आधी पाणी सोडून बघतो."

तीन मिनिटे झाली. तिने नळ बंद केला. ओरेस्टने खिशातले पेन काढून पुढे केले. ते घ्यायला तिचा हात आधी पेनाच्या अलीकडेच मिटला, मग पुढे सरकला. कार्ड डाव्या हाताने धरून ती लिहू लागली. एका डोळ्याने अंतर कळत नव्हते. पेनाचे टोक दोनदा हवेतच टेकले. तिसऱ्यांदा अक्षरे उमटली, ती अर्धी रकान्यात आणि अर्धी बाहेर, पुढच्या सोमवारवर.

"चुकलं का?" तिने विचारले.

"नाही," ओरेस्ट म्हणाला, आणि बादली रिकामी करायला मोरीकडे गेला.