एक शतांश उणा

कळंबचे आबाजी कर्जतच्या कम्युनिटी कॉलेजात वर्कशॉपचे शिपाई. देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले की मागं टाळ धरायचा आणि इथं पोरांचे लोखंड कातायचे लेथ पुसायचे, दोन्हींत त्यांचा जीव सारखाच. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहताना मायक्रोमीटर हाती आला. जाडी मोजायचं हे चिमुकलं यंत्र, माप धरतं ते दोन जबड्यांमध्ये. मग कुंकवाचं बोट बाहेर कशाला? आबाजींनी तेलात कालवलेलं कुंकू दोन्ही जबड्यांना आतूनच लावलं.

दसरा झाला आणि सोमवारी परीक्षा आली. साजगावच्या एका कारखान्याला एकच शिकाऊ हवा होता आणि उमेदवार दोन, ऋतिक आणि रिया. लोखंडी दांडा कातून बरोबर पंचवीस मिलिमीटरवर आणायचा. मिलिमीटरचे शतांश दोन इकडेतिकडे चालतील, त्याहून जास्त नाही. रिया आबाजींच्याच गावची. पांडुरंगा, पोरीच्या पाठीशी राहा, असं ते सकाळपासून घोकत होते.

आधी ऋतिक. मायक्रोमीटर पंचवीस दाखवतो म्हणून त्यानं दांडा ऐटीत पुढं केला. परीक्षा घेणाऱ्या धनेश सरांनी आपल्याजवळच्या मायक्रोमीटरनं मोजला.

"चार शतांश उणा. गेला रं."

"कसं काय सर? तीनदा मोजलाय!"

कातलेलं लोखंड काही परत येत नाही. तो मान खाली घालून बाजूला झाला.

रियानं लेथ सुरू करण्याआधी मायक्रोमीटरचे रिकामे जबडे मिटले. मापाची रेघ शून्यावर येईना. तिनं जबड्यांतून कागदाची पट्टी ओढली. ती लाल होऊन आली.

आबाजींना आपण लावलेलं कुंकू आठवलं. बाकी कुणी पाहिलं नव्हतं. गप राहिली तर जागा तिचीच, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं खरं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"सर," रिया म्हणाली, "याच्या तोंडाला कुंकू हाय. ऋतिकचं माप त्यानंच चुकलं. त्याला नवा दांडा द्या."

"येडी हाईस काय गं?" ऋतिकच बोलला. "जागा एकच हाय!"

"मग हातानं जिंक की. कुंकवानं कशाला हरतोस?"

"सर, ते कुंकू मी लावलं," आबाजी पुढं झाले.

"आबा, पूजा बाहेरून करायची हो!" सरांनी कपाळाला हात लावला.

मायक्रोमीटर पुसून दोघांनी नवे दांडे कातले. रियाचा एक शतांश उणा भरला. चालण्याजोगाच होता, पण ऋतिकचा बरोबर पंचवीस. परीक्षा बघायला आलेल्या कारखान्याच्या माणसानं ऋतिकचं नाव लिहून घेतलं.

"पोरी, माझ्यामुळं गेली गं तुझी जागा."

"तुमच्यामुळं नाय, आबा. शेवटचं कातताना माझाच हात जड पडला." ती सरांकडे वळली. "सर, नेमकं कुठं चुकलं ते दाखवता का? आत्ताच."

चाळीस वर्षं टाळ धरून ऐकलेलं निरूपण असं तेलकट एप्रन घालून समोर उभं राहील, हे आबाजींना कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसत ते सामानाच्या खोलीत गेले आणि तिच्यासाठी नवा दांडा घेऊन आले.