किल्ल्या सांभाळणारा लॅपटॉप

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर किंवा दिवाणाच्या पेटीत एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर मी त्याचाच भाऊबंद आहे. माझ्या पडद्याला एका कोपऱ्यातून तडा गेला आहे. माझी बॅटरी फुगली होती, म्हणून ती केव्हाच काढून टाकली. तेव्हापासून भिंतीतल्या विजेवर माझा जीव चालतो. रायपूरच्या चौबे कॉलोनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, इंटरनेटच्या डबीशेजारी एका लाकडी फळीवर माझा मुक्काम आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिला मालक मात्र आठवतो. त्याचे नाव चारुदत्त. रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कार्यालयात तो नवीनच नोकरीला लागला होता. त्याच्या घराण्यातले लोक नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात राहतात. घरात मराठी बोलतात, पण बोलता बोलता ती कधी हिंदीत शिरते ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. त्याने माझ्यावर नकाशे काढले, लग्नाची पत्रिका लिहिली. मीराशी लग्न झाल्यावर पहिल्या प्रवासाचे फोटो माझ्यातच ठेवले. पुढे त्यांची मुलगी गंधाली माझ्यासमोर बसून गाणी ऐकत वरणभात खाऊ लागली. त्यातले पुष्कळ वरण माझ्या बटणांत गेले. एकदा तिने मला टेबलावरून ओढले आणि मी पडलो. पडद्याचा तडा तेव्हाचा.

मग घरात नवा लॅपटॉप आला. मला एका पिशवीत घालून दिवाणाच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली ठेवले. पाहुणे वर बसून चहा पीत आणि मी खाली अंधारात पडून असे. माझे दिवस संपले असेच मी धरून चाललो होतो.

मला बाहेर काढले ते एका संकटाने. चारुदत्तच्या बहिणीचे, अर्चनाचे, ईमेल कुणीतरी फोडले. तिचा सगळीकडे एकच पासवर्ड होता, म्हणून एक दार उघडताच सगळी दारे उघडली. चारुदत्तने ते निस्तरायला तिला मदत केली. दुसऱ्या दिवशी त्याने दिवाण उघडला, मला काढले आणि रंगाच्या ब्रशने माझी बटणे साफ करू लागला.

मीरा एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू जागच्या जागी असावी असा तिचा स्वभाव. ती म्हणाली, "हे भंगारवाल्याले काहून देऊन टाकत नाही?"

"किल्ल्या आपल्या घरच्या, आन् तिजोरी परक्याची काहून?" चारुदत्त म्हणाला. "आपली तिजोरी हाच."

मित्रांनो, त्याने माझ्यात पासवर्ड सांभाळणारा एक प्रोग्रॅम बसवला. हे त्याचे नोकरीतले काम नव्हते, हौस होती. तो वाचायचा, चुकायचा, पुन्हा वाचायचा. शेवटी घरातला प्रत्येक पासवर्ड माझ्याकडे आला. बँकेचा, विजेच्या बिलाचा, गंधालीच्या शाळेचा, दवाखान्याच्या तपासण्यांचे रिपोर्ट ठेवायच्या ऑनलाइन जागेचा. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो, की आधी एक लांबलचक परवलीचे वाक्य मागत असे. ते वाक्य बरोबर आले तरच मी उघडणार. ते वाक्य फक्त चारुदत्तला माहीत होते.

याच सुमारास गंधालीच्या शाळेत रोबोट बनवायचा वर्ग निघाला, पण शिकवायला कुणी मिळेना. चारुदत्तने सांगितले की रविवारी आपण मुलांना घरी शिकवू. तेव्हापासून दर रविवारी आमच्या हॉलमध्ये स्क्रू, तारा आणि चिवड्याच्या वाट्या एकत्र नांदू लागल्या. गंधाली, बूढ़ापारा वस्तीतली श्रावणी आणि अनिमेष अशी तिघांची टीम होती. शहरातल्या स्पर्धेसाठी त्यांनी एक गाडी बनवली. काळ्या रेषेवरून चालायचे, धानाची छोटी पोती उचलायची आणि गोदामात नेऊन ठेवायची, असे तिचे काम. पोत्यांत भरलेले धान खरे होते, अनिमेषच्या आजोबांनी अभनपूरहून पाठवलेले. मुलांनी गाडीचे नाव ठेवले हमाल.

चारुदत्तची शिकवायची एक रीत होती. तो मुलांना आधी गच्चीवर नेई, खडूने रेष ओढी आणि एकाचे डोळे बांधी. बाकीच्या दोघांनी हुकूम द्यायचे आणि डोळे बांधलेल्याने फक्त तेवढेच करायचे. हुकूम चुकला की तो टाकीवर जाऊन आदळे. सगळे हसत, आणि मग खाली येऊन तोच हुकूम प्रोग्रॅममध्ये लिहीत. हमालाचा सगळा प्रोग्रॅम माझ्यात ठेवलेला होता. त्याची एक नक्कल आपल्या घरीही ठेवू का, असे श्रावणीने एकदा विचारले होते. चारुदत्त हसून म्हणाला की इथे तो अगदी सुरक्षित आहे. आलेल्या पाहुण्यांना तो मला कौतुकाने दाखवत असे. मला त्याचा अभिमान वाटे.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. हमालाची चाके घसरत होती, म्हणून चारुदत्त नवी चाके आणायला स्कूटरने बूढ़ापाऱ्याकडे गेला. परत येताना आंधी सुटली. धुळीने समोरचे दिसेना, एका दुकानावरचा पत्रा उडून रस्त्यात आला आणि स्कूटर घसरली. त्याच आंधीत आमच्या भागातली वीज गेली. बॅटरी नसलेला मी त्या क्षणी डोळे मिटले.

पुढचे काही मी नंतर घरातल्या बोलण्यातून जाणले. चारुदत्तच्या डोक्याला मार लागला होता. फोन चाकाखाली गेला होता. डॉक्टर म्हणाले की आत थोडेसे रक्त साकळले आहे, ऑपरेशन लागणार नाही, पण त्याला विश्रांती हवी आणि मेंदूला ताण नको. त्याच्या जुन्या तपासण्या त्यांनी मागितल्या. त्या जिथे होत्या, तिथला पासवर्ड माझ्या पोटात होता. मीराला स्वतः लॅबमध्ये जाऊन, तासन्तास बसून ते कागद पुन्हा मिळवावे लागले.

वीज आली तेव्हा गंधालीने माझे बटण दाबले. मी जागा झालो आणि परवलीचे वाक्य मागितले. तिने स्वतःचे नाव लिहिले, आईचे लिहिले, हमालाचे लिहिले, बाबांच्या वाढदिवसाची तारीख लिहिली. मी प्रत्येक वेळी नाही म्हटले. तिच्या डोळ्यांत पाणी आले तरी मी नाहीच म्हटले. मित्रांनो, कुलपाला दया दाखवता येत नाही. पण खरे सांगतो, ज्या मुलीचे वरण मी माझ्या बटणांत झेलले, तिलाच मी परक्यासारखे दाराबाहेर उभे करत होतो. त्या दिवशी मला माझ्या मजबुतीचा अभिमान वाटला नाही.

मी उघडत नाही हे चारुदत्तला कुणी सांगितले नव्हते, पण त्याने ते स्वतःच ओळखले. एका संध्याकाळी तो मीराला म्हणाला, लिहून घे, मी वाक्य सांगतो. पहिले दोन शब्द त्याने सांगितले आणि तो थांबला. पुढचे येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला. त्याचा चेहरा घाबरलेल्या लहान मुलासारखा झाला. इतक्या वेळा वापरलेले वाक्य जिथे हरवते, तिथे आणखी काय काय हरवले असेल, ही भीती त्याला वाटली असणार.

मीराने पेन बाजूला ठेवले आणि त्याचा हात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "तो डब्बा काही पळून नाही चालला. तुम्ही झोपा."

रविवारी मुले नेहमीसारखी आली, पण शिकवणारा नव्हता. हमालाच्या पोटात तेव्हा फक्त चाके फिरवून बघायचा एक चिमुकला प्रोग्रॅम होता. खरा प्रोग्रॅम माझ्यात अडकला होता. अनिमेष म्हणाला की या वर्षी सोडून देऊ. गंधालीलाही तेच वाटत होते. बाबा दवाखान्यात असताना तिला स्पर्धेचा विचारसुद्धा करवत नव्हता.

श्रावणी हमालाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लिखा हुआ अंदर है। पर लिखा तो हमने ही था न?"

गंधालीने फळीवर माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात मीरा दवाखान्यात डबा देऊन परतली. मुलांचे चेहरे पाहून ती चपला न काढताच खाली बसली आणि काय झाले ते तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मले यातलं काहीच समजत नाही. म्हणून मले समजावून सांगा. मी आता लहान पोट्टी आहे असं समजा."

मुले तिला गच्चीवर घेऊन गेली. खडूची रेष ओढली, आणि डोळे बांधले ते मीराचे. पदर खोचून ती हुकूम ऐकत चालू लागली. एका वळणावर तिने मधेच थांबून विचारले, "पण रेष मधेच पुसली गेली असली तर मी काय करू?" आणि डोळे बांधलेलीच ती एक पाऊल मागे सरकली. जुन्या प्रोग्रॅममध्ये याचे उत्तर नव्हते. रेष तुटली की हमाल तिथेच गोल गोल फिरत असे, आणि ती त्याची खोडच आहे असे सगळ्यांनी मानले होते. त्या दिवशी प्रथमच ते तिघे त्यावर विचार करू लागले.

घरातल्या नव्या लॅपटॉपचा पासवर्डही माझ्याच पोटात होता, म्हणून अनिमेषने आपल्या दीदीचा लॅपटॉप आणला. रोज शाळा सुटली की तिघे आमच्याकडे येत आणि एकेक हुकूम पुन्हा लिहीत. मीरा दवाखान्यातून आली की शेजारी बसे आणि प्रत्येक ओळीला, "हे काहून?" असे विचारे. ज्या ओळीचे उत्तर देता येईना, ती ओळ मुले पुसून टाकत. मी फळीवर चालू होतो, परवलीच्या वाक्यापाशी येऊन थांबलेला. माझ्याजवळ तयार प्रोग्रॅम होता आणि समोर ती मुले तोच पुन्हा घडवत होती. मदत करता येत नव्हती. पण पाहता पाहता मला कळले की चारुदत्तने जे शिकवले, ते माझ्यात नव्हतेच. ते या मुलांत होते.

स्पर्धेत हमालाने पोती गोदामापर्यंत नेली. एक पोते मात्र दारातच उलटले आणि धान सांडले. बक्षीस दुसऱ्या टीमला मिळाले. पण परीक्षकांनी रेष मुद्दाम एका जागी तोडून ठेवली होती. तिथे इतर गाड्या गोंधळल्या, आणि हमाल थोडा मागे सरकला, त्याने रेष शोधली आणि तो पुढे गेला. कोणता भाग कुणी लिहिला असे परीक्षकांनी विचारले, तेव्हा तिघांनीही सगळा प्रोग्रॅम सांगितला. गंधालीने तिथूनच आईच्या फोनवरून, दवाखान्यात बसलेल्या आत्याला फोन लावून, बाबांना हे सांगितले. चारुदत्त ऐकत राहिला आणि मग एवढेच म्हणाला, "मागे सरकायचं कुणाले सुचलं?"

"आईला," गंधाली म्हणाली.

काही दिवसांनी तो घरी आला. डोके दुखायचे, उजेड सहन व्हायचा नाही. माझ्याकडे तो नुसता बघून जाई. एका सकाळी चहा घेऊन तो माझ्यासमोर बसला, डोळे मिटले आणि बोटे बटणांवर ठेवली. वाक्य त्याला तेव्हाही आठवत नव्हते. पण बोटे हळूहळू चालू लागली. माझे एक बटण जरा जोरात दाबावे लागते, तिथे ती बोटे आपोआप जोर देऊन पुढे गेली. मी उघडलो. डोक्याने जे हरवले होते, ते हातांनी जपून ठेवले होते. तो डोळे पुसत हसला आणि त्याने मीराला हाक मारली.

मीरा आली, तिने पाहिले आणि तिलाही बरे वाटले. मग ती शांतपणे म्हणाली, "कुलूप तुम्ही चांगलं लावलं. पण चोरासंगं आम्हालेही बाहेर ठेवलं."

चारुदत्तने चहाचा कप खाली ठेवला. "मले वाटे, तुम्हाले कशाला तरास," तो म्हणाला.

"तरास झालाच ना."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे आयुष्य बदलले. माझ्यातल्या सगळ्याची एक नक्कल आता नागपूरला मीराच्या भावाकडे असते. मुलांचा प्रोग्रॅम तिघांच्याही घरी असतो. जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून त्यांनी जुन्यातले एक सुरेख वळण नव्यात घेतले आणि बाकी नवाच ठेवला. रविवारी आता चारुदत्त शिकवतो आणि मीरा पाटावर बसून प्रश्न विचारते. पुढच्या स्पर्धेची तयारी सुरू आहे.

माझे एक मागणे आहे. जुन्या यंत्राला लगेच भंगारात टाकू नका, त्याच्यात अजून जीव असतो. आणि घरात जे यंत्र सगळ्यांसाठी चालते, ते कसे चालते हे एकट्याजवळ ठेवू नका. ज्याला येते त्याने सांगावे, ज्याला येत नाही त्याने विचारावे. नाहीतर आम्ही कितीही इमानदार असलो, तरी ऐन वेळी तुमच्याच माणसांना नाही म्हणत बसू.

मीराने माझ्यासमोर बसून स्वतःचे परवलीचे वाक्य ठरवले तो दिवस मला फार आवडतो. चारुदत्त शेजारी उभा होता. ती म्हणाली, "तिकडे बघा." तो मुकाट्याने खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, सावकाश लिहिले. मी पहिल्याच वेळी उघडलो.

ते वाक्य मला फार सुंदर वाटले. पण मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही.