घोडीचे दोन्ही कान

"खरा छायाचित्रकार प्रकाशाच्या मागे जातो. प्रकाश नेईल तिथे!" फोटोग्राफरांनी भर रस्त्यात जाहीर केलं. ते उन्हात उभे होते, मेहुण्याची गाडी तापून बंद पडली होती आणि प्रकाश त्यांना कुठेही नेत नव्हता.

"दाजी, प्रकाश पुरे झाला. पाण्याची बाटली द्या," बॉनेटमध्ये डोकं घातलेला मेहुणा म्हणाला.

फोटोग्राफरांची सगळी हयात स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढण्यात गेली होती. धंद्यातले लोक त्यांना 'पासपोर्ट' म्हणूनच हाक मारत, तीही तोंडावर. आता त्यांच्या छायाचित्रकार मंडळाचं निसर्गचित्रांचं प्रदर्शन होतं, फोटो द्यायची मुदत उद्या संपत होती आणि तिथे एक रुबाबदार घोडा टांगून हे नाव कायमचं पुसायचं, असा त्यांचा पण होता.

घोडे समोरच होते. कापणी झालेल्या शेतापलीकडे, तारेच्या कुंपणाआड. एकाएकी सगळे उधळले. आयाळी उडाल्या, धूळ सोन्यासारखी चमकली.

"अहो, काढा ना!" डोक्यावर छत्री धरून उभी असलेली बायको ओरडली.

"थांब गं, एक कान दिसत नाहीये."

"कुणाचा?"

"घोड्याचा!"

तोवर घोडे टेकाडाआड गेले आणि धूळही खाली बसली. मागे राहिली एक म्हातारी तांबडी घोडी. ती आपण होऊन कुंपणापाशी आली. फोटोग्राफरांच्या अंगात जीव आला. शेत तुडवत ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, मागोमाग बायको आणि मेहुणाही.

"मान सरळ. हनुवटी थोडी खाली. हसायचं नाही."

घोडीने सगळं निमूटपणे ऐकलं. इतकं शहाणं गिऱ्हाईक त्यांना जन्मात भेटलं नव्हतं.

क्लिक.

तिघांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. दोन्ही कान सारखे, नजर थेट समोर आणि मागे उन्हाने पांढरंफटक पडलेलं आभाळ.

"दाजी, हिचा व्हिसा कुणी अडवणार नाही," मेहुणा म्हणाला.

बायको इतकी हसली की छत्री मिटली. मग नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाली, "छान आलीये हो. घरंदाज वाटते."

 उद्या मंडळात काय हशा पिकेल, हे फोटोग्राफरांना आत्ताच ऐकू येत होतं.

इतक्यात शेतातून घोडीचा मालक घाम पुसत आला. त्याने फोटो पाहिला आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"हुबेहूब! रोज चारा द्यायला उशीर झाला की माझ्याकडे अशीच बघते. ही नजर तुम्ही पकडलीत कशी हो?"

फोटोग्राफरांची छाती फुगली. "साधना लागते," ते खर्जात म्हणाले. "हाच फोटो प्रदर्शनात लागणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे!"

मालकाने आदराने मान डोलावली. मग शर्टाचं वरचं बटण लावलं, ओल्या तळव्याने केस चापून बसवले आणि कुंपणालगतच्या गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

"साहेब, आलाच आहात तर माझाही एक काढता का? लायसन्सला लागतोय."