नाल्याला आणलेलं पाणी

तीन वर्षं दर शनिवारी आम्ही नाला मोजत होतो. आम्ही म्हणजे नववीची पोरं आणि मी, त्यांचा विज्ञानाचा मास्तर. नाल्यावरच्या फरशीपुलापाशी रोवलेली पट्टी बघायची, थर्मामीटर बुडवायचा, वहीत लिहायचं. काठावर झुलाल आबा बिडी ओढत बघत बसायचे. त्यांना रामराम करायचा, तेवढंच. डिसेंबरात नाला आटला की पावसाळ्यापर्यंत नुसतं 'कोरडा' लिहायला उन्हातून जायचं. खरं सांगतो, जीव विटला होता. पण आमच्या नोंदी पाहून शिरपूरच्या जलसंधारण कार्यालयातून निरोप आला, तिथल्या साहेबांनी जानेवारीत कोरडा नाला डोळ्यांनी पाहिला की बंधारा मंजूर. मे महिन्यात माझी बदली होती. बंधारा झाला असता, तर एवढे शनिवार वाया गेले नाहीत असं मला म्हणता आलं असतं.

साहेब आले त्या सकाळी नाला वाहत होता.

पट्टीवर नऊ सेंटिमीटर. साहेबांनी वही चाळली, पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शाळेत बसून आकडे रचले असावेत, अशी ती नजर होती. "पाणी तर आहे की, सर," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्या वर्गातल्या दिपमालाने सवयीने थर्मामीटर बुडवला होता. "सत्तावीस," ती म्हणाली. "सर, थंडीत नाल्याचं पाणी एवढं कोमट नसतं. बोअरचं असतं." आणि तिने काठाकडे पाहिलं. वरच्या अंगाला एकच बोअर होता, तिच्या आजोबांचा. झुलाल आबांचा.

आबा काठावर उभेच होते, धुतलेली टोपी घालून, चहाची किटली घेऊन. लपवण्यासारखं त्यांच्या मनात काही नव्हतं. "पहाटे लाइट उनी तशी मोटर चालू करी दिधी," ते हसत म्हणाले. "पाव्हना येतीन आन नाला कोरडा? गावनी इज्जत जाई ना, सर!"

"आबा, कोरडाच दाखवायचा होता! घालवलात ना बंधारा!" नातीसमोर, साहेबांसमोर मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडलो.

आबांनी किटली खाली ठेवली आणि ते शेताकडे चालू लागले. थोड्या वेळाने मोटरीचा आवाज थांबला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, टोपण लावून ते दगडावर बसले. आम्हीही बसलो. तासाभरात वाळूने सगळं पाणी पिऊन टाकलं. आबांच्या केळीला त्या दिवशी द्यायचं पाणी होतं ते.

आबा परतले, पट्टीपाशी उकिडवे बसले आणि वाळूवरून त्यांनी हात फिरवला. "कोरडा शे. लिखी ले, माय." दिपमालाने लिहिलं. साहेबांनी खाली सही केली.

मी हात जोडले. आबा माझ्याकडे न बघता बिडी शोधत होते.

"तीन साल मी आठेच बठेल व्हतू, सर," काठावरच्या आपल्या नेहमीच्या जागी टेकत ते म्हणाले. "काबरं मोजतस, ते एकदाबी सांगं नही तुम्ही."