ठेवून ठेवून

“काका, मेली तुमची बॅटरी,” दुरुस्तीवाला नागसेन म्हणाला. खुशालरावांनी असं पाहिलं, जणू त्यानंच तिचा जीव घेतला.

“मेली? अबे, वापरली कोठी? दिवाळीपासून माळ्यावर हाय. लुगड्यात गुंडाळून ठेवली होती!”

बॅटरी फवारणी पंपाची आणि पंप मैनाबाईचा, त्यांच्या बायकोचा. दिवाळीत तिच्या छातीत कळ आली, अमरावतीला नेऊन स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, हिंडूफिरू द्या, हलकी कामं करू द्या. पण ऐकतो कोण! पाच महिने झाले, पंप माळ्यावर अन् बाई बाजेवर.

आज झेंडूवर फवारायचं म्हणून त्यांनी पंप काढला, तर तो मुका. मैनाबाई म्हणाली, “दुरुस्त करून आना. अन् मले वावरात न्या. पडून पडून जीव उबगला माहा.” खुशालराव नुसतं “पाहू” म्हणून परतवाड्याला निघून आले होते.

नागसेननं बॅटरीचं झाकण उचकटलं, रबरी बुचं काढून सिरिंजनं आत डिस्टिल्ड वॉटर सोडलं आणि ती चार्जिंगला लावली. “बसा. उठली त उठली.”

बाकावर खुशालरावांचा डोळा लागला. वावर पिवळंधमक झालं होतं. कुठंतरी पंप घुमत होता. मैनाबाई ओळींमधून चालली होती, नव्या नवरीच्या वयाची. “मैना, बस, थकशील!” त्यांनी हाक मारली. ती थोडी पुसट झाली. त्यांनी पुन्हा हाक मारली, ती आणखी पुसट झाली. मग नुसता झेंडूच उरला.

दचकून जागे झाले. नागसेननं बॅटरी पंपाला जोडली. पंप जरासा घरघरला आणि थांबला.

“नाई उठत, काका. हिले अधूनमधून चार्ज करा लागते, चालवा लागते. नुसती ठेवली का आतल्या आत संपते.”

“मी त जपून ठेवली होती रे बाप्पा,” खुशालराव म्हणाले.

नवी बॅटरी बसवून ते घरी आले. मैनाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“ऊठ. टोपली घे. फुलं तोडाची हायेत.”

ती उठून बसली. “खरंच म्हनता?”

“हाव. चाल तू पुढं.”

बांधावर ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा त्यांचा हात तिला धरायला पुढं झाला. त्यांनी तो बंडीच्या खिशात घातला आणि तिथंच दाबून धरला. तिसऱ्यांदा ती थांबली नाही.